‘शिकवाल का?’ : गाणे सुरू होण्याआधीचे बोलणे

मोठ्या वयात गाणे किंवा वाद्य शिकू इच्छिणाऱ्या वाचकांची आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : शिकणे सुरू होण्याआधीच बोलणे फिसकटते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ५६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. कॉलेजात असताना भावगीते म्हणत असे; पुढे संसार, नोकरी आणि बदल्या यांत गाणे मागे पडले. आता शास्त्रीय गाणे शिकावे असे मनात आहे. आमच्या भागातल्या तीन शिक्षकांशी संपर्क साधला. एकांनी वय विचारले आणि ‘आता कशाला दगदग करता?’ म्हणाले. दुसऱ्यांनी ‘सोमवार-गुरुवार पाचला या’ एवढाच निरोप पाठवला. तिसऱ्यांना व्हॉट्सॲपवर विचारले, तर निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही. माझे शिकायचे वय निघून गेले, असे समजायचे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : तसे समजण्याचे काही कारण नाही, कारण तिघांपैकी एकानेही तुमचा आवाज ऐकलेला नाही. त्यांच्या उत्तरांतून त्यांच्या वर्गाची परिस्थिती कळते, तुमच्या गळ्याची नाही. आपल्याकडचे बहुतेक संगीतवर्ग शाळा सुटल्यानंतरच्या दोन-तीन तासांत भरतात. खोलीत दाटीवाटीने बसलेली मुले पलटे (स्वरांचे ठरावीक क्रम) घोकत असतात, पालक दारात उभे असतात आणि नेमका त्याच वेळी फोन वाजतो. अशा वेळी मिळालेले उत्तर तुटकच असणार. दुपारनंतर, वर्ग भरण्याआधी, शिक्षक सहसा मोकळे असतात. आधी लेखी निरोप पाठवून ‘कोणत्या वेळी फोन करू?’ असे विचारले, तर बोलणे निवांत होते. ‘आता कशाला दगदग’ म्हणणाऱ्यांना मात्र पुन्हा फोन करू नका. ते गवई म्हणून चांगले असतीलही, पण मोठ्या माणसाला शिकवण्याची त्यांना हौस नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले आहे, आणि ते आधीच कळले हे बरे झाले.

आता तुमच्या बाजूने काय विचारले गेले, त्याकडे येऊ. पत्रात ते नाही. परंतु शिक्षकांना येणारे बहुतेक निरोप ‘गाणे शिकवता का? फी किती?’ एवढ्यावर संपतात. कापडाच्या दुकानात शिरून ‘कापड आहे का?’ एवढेच विचारावे, तसे हे होते. समोरच्याला कळत नाही की ही व्यक्ती नातवाच्या बारशाला एक गाणे बसवून मागणार आहे, परीक्षा देऊन विशारद होऊ पाहते आहे, की आठवड्यातली एक संध्याकाळ चांगली जावी म्हणून येणार आहे. या तिन्ही इच्छा रास्त आहेत. मात्र त्यांसाठी लागणारी वेळ, पद्धत आणि कधीकधी शिक्षकही वेगळे असतात. म्हणून आजवर काय गायलात, वर्षभराने काय यावे असे वाटते आणि घरी रोज किती वेळ देऊ शकाल, एवढे पहिल्याच निरोपात सांगून टाकावे. उदाहरणार्थ असे लिहा :

‘नमस्कार. मी भुसावळला राहते, वय ५६. पूर्वी भावगीते म्हणत असे, शास्त्रीय शिक्षण झालेले नाही. परीक्षा देण्याचा विचार नाही. सूर पक्का व्हावा आणि वर्षभरात एक-दोन राग समजून गाता यावेत, एवढी इच्छा आहे. रोज सकाळी अर्धा तास रियाज करू शकेन. आठवड्यातून एकदा येणे जमेल. आपण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवत असाल, तर एकदा भेटायला येऊ का?’

शेवटचे वाक्य मुद्दाम तसे ठेवले आहे. शिक्षकाला नकार द्यायचा असेल तर तो ‘सध्या मोठ्यांचा वर्ग नाही’ असे सरळ म्हणू शकतो, आणि तो नकार तुमच्या वयाला किंवा आवाजाला लागत नाही. परीक्षांचा उल्लेखही सहेतुक आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा चढत जातात, आणि प्रवेशिका, मध्यमा व विशारद यांचे प्रथम आणि पूर्ण असे दोन-दोन टप्पे धरून विशारद पूर्ण होईपर्यंत ७ परीक्षा होतात. जळगाव-धुळ्याकडचे कितीतरी वर्ग याच अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकावर चालतात. तुम्ही आधी बोलला नाहीत, तर दोन-तीन महिन्यांत तुमच्या हातात परीक्षेचा फॉर्म येईल आणि ‘नको’ म्हणणे तुम्हाला जड जाईल. परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर द्या. मुलांच्या रांगेत बसून प्रारंभिक देणाऱ्या आजी-आजोबांची परीक्षकांना सवय असते.

भेटीला गेल्यावर शिक्षक बहुधा पेटीचा भाता हलवत एक स्वर धरतील आणि ‘यात सा लावा’ म्हणतील. तो सापडला नाही तर घाबरू नका. ‘मला माझी पट्टी माहीत नाही’ असे सांगा (पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या स्वरावर तुमचा सा बसतो तो) आणि तोंडपाठ असलेले एखादे भावगीत सुरू करा. जाणता शिक्षक ते ऐकत पेटीवर तुमचा सा शोधील, मग एक-दोन स्वर खाली-वर करून पाहील, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज उतरतो का आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत न ताणता चढतो का, हे तपासील. बायकांची पट्टी काळी चार ते काळी पाच (पेटीच्या सप्तकातली चौथी ते पाचवी काळी किल्ली) असते असे ढोबळपणे मानतात. परंतु रजोनिवृत्तीनंतर आवाज काहीसा खाली उतरणे स्वाभाविक आहे, आणि तुमची पट्टी पांढरी पाच किंवा काळी तीन निघाली तर त्यात कमीपणा नाही. कॉलेजातली पट्टी धरून बसलात तर घसा मात्र बसेल. जो शिक्षक पट्टी न शोधताच वर्गाच्या पट्टीत तुम्हाला गायला लावील, त्याच्याकडे जाण्याआधी विचार करावा. निघण्यापूर्वी, शिकवणी एकट्याची असेल की इतरांबरोबर, आणि शिकवलेले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतलेले चालेल का, हे विचारून घ्या. ध्वनिमुद्रणावरून पुढे जितके गैरसमज होतात, तितके फीवरूनही होत नाहीत.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, धुळ्यात गायन आणि हार्मोनियम शिकवतो. चाळिशी-पन्नाशीतले लोक फोनवर तासभर बोलतात, सगळी चौकशी करतात आणि येत नाहीत. जे येतात ते माझ्या वडिलांच्या वयाचे असतात. त्यांना चूक कशी सांगावी, हे मला कळत नाही. ‘सूर लागत नाही’ म्हटले की चेहरा पडतो आणि पुढच्या आठवड्यात निरोप येतो, ‘सर, सध्या जरा अडचण आहे.’ (एक संगीतशिक्षक, धुळे)

उत्तर : तासभराच्या फोनमध्ये विचारणारा माणूस एकाच प्रश्नाभोवती फिरत असतो, आणि तो प्रश्न शेवटी, हसत हसत विचारला जातो : ‘पण मला जमेल का हो?’ यावर ‘का नाही, नक्की जमेल’ म्हटले तर त्याला ते खरे वाटत नाही, आणि ‘बघू’ म्हटले तर तो नकार समजतो. त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असे काही सांगावे. ‘तीन महिने नियमित आलात आणि घरी रोज वीस मिनिटे बसलात, तर तानपुऱ्यावर सा स्थिर धरता येईल, भूप रागाचे आरोह-अवरोह आणि एक सरगमगीत (शब्दांऐवजी स्वरांची नावे असलेले गीत) होईल, तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजता येतील, मैफलीतल्यासारखे गाणे होणार नाही.’ हे ऐकून ज्याला कंटाळा येईल तो येणार नाही, आणि ज्याला हुरूप येईल तो टिकेल. फोन दहा मिनिटांत आटोपून वीस मिनिटांच्या भेटीला बोलवावे. वार, वेळ, फी, सुट्टीचा नियम आणि महिन्यातला तास बुडाला तर भरून मिळतो की नाही, हे सारे एका लेखी निरोपात तयार ठेवावे आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तोच पाठवावा. फी सांगताना संकोचाने आवाज खाली नेणारे शिक्षक मी बरेच पाहिले आहेत. ऐकणाऱ्याला त्यात संकोच दिसत नाही, घासाघीस करायला जागा दिसते.

चूक सांगण्याबद्दल. ‘सूर लागत नाही’ हे वाक्य मुळात शिकवणारे नाही, ते निकाल देणारे आहे. ऐकणाऱ्याला त्यातून काय करायचे हे कळत नाही, फक्त आपण नापास झालो हे कळते. ‘तुमचा गंधार किंचित खाली राहतो आहे, सा म्हणा, मग थेट गंधारावर या, आणि पेटीशी जुळेपर्यंत थांबा’ असे सांगितले तर साठीचा माणूसही ते निमूटपणे करतो, कारण त्याने आयुष्यभर कचेरीत, शेतात किंवा दुकानात नेमकी सूचनाच ऐकलेली आणि दिलेली असते. पहिल्या दिवशीच परवानगी घेऊन ठेवा : ‘नाना, मी तुम्हाला ओळीच्या मध्येच थांबवीन, राग मानू नका.’ आपल्याकडे नाना, आप्पा, आबा, अक्का ही संबोधने सहज येतात आणि त्यांनी वयाचा मान राहतो. ते तुम्हाला ‘सर’ म्हणतील, म्हणू द्या. मुलांशी बोलताना येणारा ‘शाब्बास, छान हं’ हा सूर मात्र त्यांच्याशी नको. मोठ्या माणसाला त्यात आपली थट्टा ऐकू येते. गुरुपौर्णिमेला कोणी कुणाच्या पाया पडायचे, याचाही एकदा आधीच निकाल लावलेला बरा, नाहीतर दोघेही एकाच वेळी वाकतात.

आणखी एक. आठ वर्षांची मुलगी सरसर पलटे म्हणत असताना तिच्या शेजारी पन्नाशीतल्या गृहस्थांना बसवू नये. तिची जीभ आणि स्मरण त्यांच्यापेक्षा चपळ आहे, हे त्यांना दिसते आणि ते खचतात. त्यांची ताकद दुसरीकडे असते : त्यांनी गाणे पुष्कळ ऐकलेले असते, आणि ‘भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, मग राग वेगळे कसे?’ असे ते विचारतात. या प्रश्नांनी तरुण शिक्षक चिडतात, असा माझा अनुभव आहे, आणि मला ते पटत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (जन्म १८६०) हे वकील होते. व्यवसाय सांभाळून ते शिकले, गावोगावच्या गवयांना भेटून प्रश्न विचारत राहिले, आणि दहा थाटांची (रागांच्या मूळ स्वरगटांची) जी मांडणी आज तुमच्या वर्गाच्या फळ्यावर असते ती त्यांनी केली. प्रश्नांसाठी तासातली शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा आणि तसे आधीच सांगा. मग गाण्याच्या मध्ये ते येणार नाहीत.

प्रश्न : मी केळीउत्पादक शेतकरी आहे, वय ४४. गावच्या भजनी मंडळात ऐकून ऐकून पेटी वाजवायला शिकलो. व्यवस्थित शिकावे म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एका शिक्षकांकडे गेलो, तर त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि ‘हे सगळे विसरा, पहिल्यापासून सुरू करा’ म्हणाले. वीस वर्षांचे वाजवणे विसरायचे कसे? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : विसरता येत नाही, आणि गरजही नाही. शिक्षकांनी बहुधा तुमची बोटे पाहिली. ऐकून शिकलेला वादक अनेकदा दोन-तीन बोटांवरच सगळे भागवतो, अंगठा लपवून ठेवतो आणि एकाच पट्टीत सराईत असतो. बुवांनी अभंग दुसऱ्या पट्टीत उचलला की तो चाचपडू लागतो. हे दोष खरे आहेत आणि ते दुरुस्त करायला अलंकारांपासूनच (स्वरक्रमांच्या सरावापासून, त्या नावाच्या परीक्षेपासून नव्हे) सुरुवात करावी लागते, एवढे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ऐकलेली चाल लगेच पेटीवर काढता येणे, भजनी ठेक्याच्या ८ मात्रांत न चुकता समेवर (पहिल्या मात्रेवर) येणे, गाणाऱ्याचा श्वास ओळखून मधली जागा पेटीने भरणे, या गोष्टी वर्गात वर्षानुवर्षे बसूनही पुष्कळांना येत नाहीत. त्या तुमच्याजवळ आहेत, आणि त्या शिक्षकांना दिसल्या नाहीत, कारण परक्या खोलीत परक्या पेटीवर दोन मिनिटांत तुम्ही बहुधा बिचकलात.

पुन्हा जा, मात्र एकादशीच्या भजनातले तुमच्या साथीचे चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर घेऊन जा आणि आधी ते ऐकवा. मग असे म्हणा : ‘गुरुजी, मंडळाची साथ मला सोडता येणार नाही. घरी मी तुम्ही सांगाल तसेच अलंकार वाजवीन. भजनात जुन्या बोटांनी वाजवले तर चालेल ना?’ बहुतेक शिक्षक यावर हो म्हणतात. काही महिन्यांत नवी बोटे आपोआप भजनातही येऊ लागतात. त्यांना एकच मागणी करा, की तुम्हाला येणारा एखादा अभंग तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत बसवून द्यावा. हे काम अवघड आहे आणि मंडळात लगेच उपयोगी पडणारे आहे, त्यामुळे दोघांनाही त्यात रस राहील. ते होण्याआधी स्केलचेंजर पेटी विकत घेऊ नका; तिने पट्टी बदलते, बोटे तीच राहतात.

कापणीचा दिवस व्यापाऱ्याच्या गाडीवर ठरतो, हे शहरातल्या शिक्षकाला माहीत असेलच असे नाही. ‘गाडी आली तर आदल्या रात्री कळवीन आणि त्या आठवड्यात येणार नाही’ असे आधीच सांगितलेत, तर तुमची गैरहजेरी आळसाच्या खात्यात जमा होणार नाही. भुसावळच्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानेही अशाच अडचणीबद्दल लिहिले आहे. ड्यूटीचा कॉल केव्हा येईल याचा त्यांना नेम नसतो. त्यांनी ठरलेला वार मागूच नये, महिन्याला अमुक इतके तास असे ठरवून घ्यावे आणि दर आठवड्याला रविवारी वेळ कळवावी. सगळ्या शिक्षकांना हे परवडत नाही, म्हणून पहिल्या भेटीतच विचारलेले बरे.

प्रश्न : गाणे शिकायला जाताना फी किती, हे थेट विचारले तर गुरूंचा अपमान होतो का? ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे ते म्हणाले तर काय करावे? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : अपमान होत नाही. ‘योग्य वाटेल ते’ असे उत्तर आले तर ‘आपले इतर विद्यार्थी किती देतात?’ असे विचारावे आणि तेवढे, महिन्याच्या सुरुवातीला, पाकिटातून द्यावे.

प्रश्न : शहादा तालुक्यात मनासारखा शिक्षक मिळत नाही, म्हणून पुण्यातल्या एका गायकांकडे मोबाइलवरून शिकण्याचा विचार आहे. ते म्हणतात, ‘तुमच्या भागात शास्त्रीय संगीताचे वातावरण नाही, तुम्हाला जड जाईल.’ आधी काय बोलून घ्यावे? (एक वाचक, वय ३८)

उत्तर : वातावरणाचे म्हणाल, तर बालगंधर्वांना गाण्याचे पहिले धडे जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले होते, आणि आज जळगावात बालगंधर्वांच्याच नावाने संगीत महोत्सव भरतो. शहाद्याहून तेथे वारंवार जाणे सोपे नाही हे खरे, पण वर्षातून एकदा रात्रभराचा मुक्काम काढून समोर बसून ऐकावे. कानबाईच्या उत्सवाच्या रात्री घरात जी गाणी ऐकलीत, त्यांचाही कानावर संस्कार असतोच. त्या शिक्षकांनी विचारले तर ती त्यांना म्हणून दाखवा.

मोबाइलवरच्या शिकवणीत दोन अडचणी तांत्रिक आहेत आणि त्या आधीच बोलून घ्याव्यात. आवाज पोहोचायला क्षणाचा का होईना उशीर लागतो, म्हणून दोघांना एकत्र गाता येत नाही. गुरूंनी म्हणायचे, मग तुम्ही म्हणायचे, एवढेच जमते. म्हणून तानपुरा आणि ठेका तुमच्या खोलीत, तुमच्या दुसऱ्या मोबाइलवर किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रावर लावलेला हवा. दुसरे असे, की ही ॲप्स बोलण्यासाठी केलेली असल्यामुळे सतत चालणारा तानपुरा त्यांना पंख्यासारखा गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकतात. कधीकधी लांबवलेला ‘सा’सुद्धा मध्येच तुटतो. गोंगाट कमी करण्याची ती सोय दोन्ही बाजूंनी बंद करावी लागते. गुरूंना हे माहीत आहे का, हे नम्रपणे विचारा. माहीत नसेल तर त्यांना तुमचा सूर हलतो आहे असेच वाटत राहील. शिवाय महिन्यातून एकदा, घरी शांतपणे ध्वनिमुद्रित केलेले पाच मिनिटांचे गाणे त्यांना पाठवण्याची मुभा मागा आणि त्यावर ते लेखी सांगतील की बोलून, हेही ठरवा. पुण्याला प्रत्यक्ष जाऊन वर्षातून एक-दोनदा बसता आले, तर श्वास कुठे घेता आणि जबडा किती आवळता हे त्यांना दिसेल. पडद्यावर ते नीट दिसत नाही.

प्रश्न : मी अमळनेरला राहते. गेले काही महिने एका बाईंकडे शिकते, पण त्यांची पद्धत मला मानवत नाही. दुसऱ्या शिक्षकांकडे जावेसे वाटते. गाव लहान, दोघे एकमेकांना ओळखतात. नव्या शिक्षकांना विचारण्याआधी बाईंना सांगावे की नंतर? (एक वाचक, वय ४१)

उत्तर : आधी बाईंना सांगा, आणि निघण्याच्या निमित्तासाठी सासूबाईंचे आजारपण वगैरे पुढे करू नका, अमळनेरात ते चार दिवसांत उघडे पडेल. त्यांच्या शिकवण्यातले दोष सांगण्याची गरज नाही. ‘बाई, मला वेगळ्या पद्धतीने शिकून पाहायचे आहे. या महिनाअखेरपर्यंत येते. तुमच्याकडे सूर धरायला शिकले’ एवढे प्रत्यक्ष भेटून बोलावे, व्हॉट्सॲपवर नको. शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणा. नव्या शिक्षकांकडे गेल्यावर आधी कोणाकडे शिकत होता हे लपवू नका. काय शिकलात तेही सांगा, पण बाईंविषयी तक्रार करू नका, आणि नव्या शिक्षकांनी खोदून विचारले तरी विषय पट्टीकडे आणि रियाजाकडे वळवा. काही शिक्षक ‘बाईंची परवानगी आहे ना?’ असे विचारतात. बाईंशी तुमचे बोलणे झालेले असेल, तर त्याला तुमच्याकडे सरळ उत्तर असेल. बाईंकडे तुमची वही किंवा त्यांची पुस्तके तुमच्याकडे राहिली असतील, तर महिनाअखेरच्या त्या भेटीतच देणेघेणे पूर्ण करा.